वाचकांचे प्रश्न : हरवलेल्या रोमन चौकीचा पत्ता

रोमन साम्राज्याच्या ब्रिटनमधील सरहद्दीवर दोन महिन्यांपूर्वी आम्ही एक लेख छापला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी मुंबईच्या चार वाचकांची पत्रे एकाच विषयावर होती. या सरहद्दीवरच्या अँटोनाइन आणि हेड्रियन या दोन भिंतींवरचे किल्ले आणि चौक्या हरवतात कशा, सापडतात कशा आणि सापडलेली जागा तीच, हे ठरवायचे कसे, असे त्यांचे विचारणे आहे. म्हणून या वेळचे सदर आम्ही याच विषयाला दिले आहे.

विलेपार्ल्याहून एक वाचक लिहितात : मुलीकडे ग्लासगोला गेलो असताना डंटोकर गावाजवळ अँटोनाइन भिंतीचे अवशेष पाहिले. तेथून जवळच, कार्लीथ नावाच्या शेतवाडीपाशी, शेकडो वर्षे हरवलेली एक रोमन चौकी अलीकडे सापडल्याचे जावयांनी सांगितले. आम्ही मुद्दाम वाट वाकडी करून गेलो, तर तेथे गवताखेरीज काहीच नव्हते. खोदकामही झालेले नाही म्हणे. न खोदता चौकी सापडल्याचे कशाच्या बळावर सांगतात?

आपली शंका रास्त आहे. कार्लीथच्या शोधाची घोषणा स्कॉटलंडच्या शासकीय वारसा-संस्थेने २०२३ च्या एप्रिलमध्ये केली, आणि त्या घोषणेचा मुख्य आधार कुदळ नसून चुंबकमापन, म्हणजे जमिनीखालच्या गोष्टींमुळे चुंबकक्षेत्रात पडणाऱ्या फरकांची मोजणी, हा होता, हे खरे आहे. पण केवळ यंत्राने दाखवले म्हणून कोणी विश्वास ठेवला, असे मात्र झालेले नाही. त्या शेतापर्यंत पोहोचण्याची वाट तीनशे वर्षांहून जुनी आहे.

आधी भिंतीविषयी थोडे सांगतो. सम्राट अँटोनायनस पायस याच्या कारकिर्दीत, इ. स. १४२ च्या सुमारास, ब्रिटनचा सुभेदार लोलियस उर्बिकस याने ही सरहद्द उभारायला घेतली. पूर्वेकडे फोर्थची खाडी आणि पश्चिमेकडे क्लाइड नदी, यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात ती सुमारे ६० किलोमीटर धावते. दक्षिणेकडील, आजच्या उत्तर इंग्लंडमधल्या, आधीचा सम्राट हेड्रियन याच्या भिंतीसारखी ती दगडात बांधलेली नव्हती. सुमारे साडेचार मीटर रुंदीचे दगडी जोते घालून त्यावर गवतासकट कापलेली मातीची ढेकळे रचत नेली होती आणि उत्तरेच्या अंगाला खोल खंदक खणला होता. भिंतीच्या पाठीशी मोठे किल्ले होते आणि किल्ल्यांच्या दरम्यान लहान चौक्या. वीसेक वर्षांतच रोमन फौज ही भिंत सोडून पुन्हा हेड्रियनच्या भिंतीवर परतली. लाकूड कुजले, माती ढासळली, आणि जमिनीखाली उरले ते मुख्यतः जोते आणि बुजलेले खंदक.

आता कार्लीथकडे वळू. १७०७ साली रॉबर्ट सिबाल्ड या स्कॉटिश विद्वानाने या ठिकाणी एक चौकी पाहिल्याचे लिहून ठेवले होते. पुढे ती दिसेनाशी झाली. १९७० आणि १९८० च्या दशकांत पुरातत्त्वज्ञांनी तिचा शोध घेतला, पण काहीही हाती लागले नाही. अशा वेळी एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, तो म्हणजे जुन्या लेखकाची नजर चुकली असावी. सिबाल्डच्या बाबतीत तसे म्हणून प्रकरण मिटले नाही, याचे श्रेय माझ्या मते यंत्राइतकेच पुरातत्त्वज्ञ जॉन गिलम यांच्या तर्काला जाते.

हेड्रियनच्या भिंतीवर दर रोमन मैलाला, म्हणजे साधारण १,४८० मीटरांवर, एक चौकी होती. अँटोनाइन भिंतीवर मात्र किल्ले दाटीने आणि चौक्या कुठे तरी एखाददुसरी, असे चित्र बराच काळ दिसत होते. गिलम यांनी १९७५ मध्ये मांडले की मूळ आराखडा येथेही तोच असावा. आधी मोजकेच मोठे किल्ले आणि त्यांच्या दरम्यान मैलामैलावर चौक्या ठरल्या असाव्यात, आणि बांधकाम चालू असतानाच बेत बदलून जादा किल्ले घातले गेले असावेत. हा तर्क पडताळता येण्याजोगा होता, कारण तो खरा असेल तर कोणत्या अंतरावर शोधायचे ते आधीच सांगता येत होते. पुढच्या काही वर्षांत सीबेग्ज वुड आणि किनील येथे चौक्या उजेडात आल्या, आणि मैलामैलाच्या आराखड्याला बळ मिळाले. संपूर्ण भिंतीवर अशा ४१ पर्यंत चौक्या असू शकतील असा अंदाज आहे. कार्लीथपूर्वी प्रत्यक्ष ठाऊक होत्या त्या अवघ्या नऊ. एवढा आकड्यांचा फरक समोर असताना सिबाल्डची नोंद बाजूला टाकणे शहाणपणाचे नव्हते.

यानंतर यंत्र आले. चुंबकमापनाच्या या पद्धतीत एका दांड्यावर दोन संवेदक एकावर एक बसवलेले असतात. पृथ्वीचे स्वतःचे चुंबकक्षेत्र त्या भागात सुमारे ५०,००० नॅनोटेस्ला (हे चुंबकक्षेत्र मोजण्याचे एकक) असते आणि दिवसभरात कमीजास्त होत राहते. पुरलेल्या खंदकामुळे त्यात पडणारा फरक कित्येकदा दोन-चार नॅनोटेस्लांचाच असतो. दोन्ही संवेदकांच्या मोजणीतली वजाबाकी घेतली की पृथ्वीचे मोठे क्षेत्र आपोआप गळून पडते आणि उरतो तो पायाखालच्या मातीमुळे झालेला फरक. खंदक कालांतराने वरच्या सुपीक मातीने भरतो, ती माती भोवतालच्या खडकाळ थरापेक्षा अधिक चुंबकीय असते. दगडी जोत्याची खूण वेगळी उमटते, चुलीची किंवा भाजलेल्या मातीची आणखी वेगळी.

हे काम कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. शेतावर दोऱ्या ताणून चौकोन आखतात आणि यंत्र धरलेला माणूस एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत, मीटर किंवा अर्ध्या मीटरच्या अंतराने, एकाच चालीने फेऱ्या घालत राहतो. त्याच्या अंगावर लोखंडाचे काही चालत नाही. कमरेचा पट्टा, किल्ल्या, पँटची चेन, बुटातली पट्टी, सगळे काढून ठेवावे लागते, नाहीतर रोमन तटाऐवजी त्याचीच पावले नकाशावर उमटतात. शेतात पडलेला घोड्याचा नाल किंवा तारेच्या कुंपणाचा तुकडाही ठसठशीत डाग पाडतो. या सगळ्या गोंधळातून सरळ रेषा, काटकोन आणि सारखी रुंदी शोधायची असते, आणि तेथे अनुभवी डोळाच लागतो.

कार्लीथच्या नकाशावर चौकीच्या तटाच्या पायाची खूण दिसली. जागा सिबाल्डच्या नोंदीशी जुळत होती आणि भिंतीवरच्या आधीच खोदलेल्या चौक्यांचे नमुने ताडून पाहायला उपलब्ध होते. खुद्द डंटोकरच्या टेकडीवर किल्ल्याला लागून असलेली चौकी पूर्वीच्या उत्खननात मिळालेली होती. जुनी नोंद, आराखड्याचे गणित आणि जमिनीखालची आकृती ही एकमेकांपासून स्वतंत्र असलेली साक्ष एकाच शेताकडे बोट दाखवते, तेव्हा ओळख पटली असे म्हणायला हरकत नसते. यांपैकी नुसती आकृती असती, तर ती मध्ययुगीन मेंढवाड्याचीही असू शकली असती.

तेथे दोन लहान लाकडी इमारती, भोवती सुमारे दोन मीटर उंचीचा दगडमातीचा तट, उत्तर आणि दक्षिण बाजूंना दरवाजे आणि त्यांवर लाकडी मनोरे होते, आणि डंटोकरच्या किल्ल्यातून दहा-बारा शिपाई आठवड्याच्या पाळीने येऊन राहत, असे वर्णन आपण वाचले असेल. त्यातला बराचसा तपशील इतर चौक्यांवरून बांधलेला आहे, हे ध्यानात ठेवावे. चौकी किती वर्षे वापरात होती, ती जळली की मोडून टाकली, हे चुंबकमापन सांगू शकत नाही. त्यासाठी खोदावेच लागेल. पण खोदलेला थर पुन्हा रचता येत नाही, आणि शेताखाली ती चौकी सुखरूप आहे. तेव्हा तूर्त न खोदता त्या जागेला कायद्याचे संरक्षण देण्याकडे संस्थेने लक्ष दिले, ते मला योग्य वाटते.

गिरगावातील इतिहासाची एक विद्यार्थिनी विचारते : किल्ला सापडला तरी त्याचे रोमन नाव कोणते, हे कसे ठरते? हेड्रियनच्या भिंतीवरील बर्डोसवाल्ड या किल्ल्याला जुन्या पुस्तकात काम्बोग्लान्ना आणि नव्या पुस्तकात बान्ना म्हटले आहे. यातले खरे काय?

नवे पुस्तक बरोबर आहे, आणि हा बदल कसा झाला ते मुळातून पाहण्याजोगे आहे.

हेड्रियनच्या भिंतीवरील नावांसाठी सर्वांत मोठा कागदोपत्री आधार म्हणजे ‘नोतितिया दिग्नितातुम’ ही इ. स. ४०० च्या आसपासची सरकारी यादी. तिच्यात ‘भिंतीच्या रेषेवर’ अशा मथळ्याखाली पूर्वेकडून पश्चिमेकडे जात किल्ल्याचे नाव आणि तेथील पलटण अशा जोड्या दिल्या आहेत. अडचण अशी, की मूळ यादी आज नाही. जर्मनीतील स्पायर येथे असलेल्या एका जुन्या हस्तलिखितावरून उतरवलेल्या प्रती आपल्यापर्यंत आल्या, आणि ते हस्तलिखितही पुढे नाहीसे झाले. नकलेची नक्कल म्हटले की चुका आल्याच.

या यादीत पहिली एलियन डेशियन पलटण आम्बोग्लान्ना (काम्बोग्लान्नाचेच नकलेत बदललेले रूप) येथे असल्याचे म्हटले आहे. बर्डोसवाल्डला याच पलटणीचे शिलालेख मोठ्या संख्येने सापडले आहेत, म्हणून बर्डोसवाल्ड म्हणजे काम्बोग्लान्ना, असे समीकरण सरळपणे मांडले गेले आणि पिढ्यानपिढ्या छापले गेले. पण जमीन आणि यादी समोरासमोर ठेवली की हिशेब चुकतो. माग्ना आणि पेट्रियाना या दोन नावांच्या मध्ये यादीत एकच किल्ला आहे, तर जमिनीवर त्या टापूत दोन आहेत, बर्डोसवाल्ड आणि त्याच्या पश्चिमेचा कॅसलस्टेड्स. म्हणजे यादीतून कोणीतरी एक गहाळ झाला आहे.

कोण, ते तीन निरनिराळ्या वस्तूंवरून कळते. बर्डोसवाल्डलाच सापडलेली एक वेदी सिल्वानस या अरण्यदेवाला वाहिलेली आहे आणि ती वाहणाऱ्यांनी स्वतःला ‘बान्नाचे शिकारी’ म्हणवले आहे. दुसरी वस्तू म्हणजे १७२५ मध्ये विल्टशायरमध्ये, भिंतीपासून कितीतरी दूर, मिळालेला एक लहानसा काशाचा पेला. त्याच्या काठावर भिंतीवरच्या किल्ल्यांची नावे पश्चिमेकडून ओळीने कोरली आहेत : माइस, अबाल्लावा, उक्सेलोडुनम, काम्बोग्लान्ना, बान्ना. फ्रान्समधील अमियाँ येथे १९४९ मध्ये मिळालेल्या भांड्यावर हाच क्रम असून शेवटी एसिका हे आणखी एक नाव आहे. एसिका म्हणजे ग्रेट चेस्टर्स, याविषयी वाद नाही. म्हणजे पश्चिमेकडून येताना आधी काम्बोग्लान्ना लागते आणि मग बान्ना. कॅसलस्टेड्स पश्चिमेला आहे, म्हणून ते काम्बोग्लान्ना, आणि बर्डोसवाल्ड हे बान्ना.

मग सरकारी यादीत काय घडले? मुळात लागोपाठ दोन ओळी असाव्यात, एका ओळीत डेशियन पलटण आणि बान्ना, दुसरीत दुसरी टुंग्रियन पलटण आणि काम्बोग्लान्ना. नकलनवीसाची नजर पहिल्या ओळीच्या मध्यावरून दुसरीच्या शेवटावर घसरली आणि एकीच्या पलटणीला दुसरीचे गाव चिकटले. कॅसलस्टेड्सला टुंग्रियन पलटणीचे लेख मिळाले आहेत, त्यामुळे हा खुलासा नुसता चतुर तर्क राहत नाही. तलाठ्याच्या दप्तरात एक ओळ खाली सरकली की कोणाचा सर्व्हे नंबर कोणाच्या नावावर चढतो, हे आपल्याकडच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

पुढे २००३ मध्ये स्टॅफोर्डशायरमध्ये धातुशोधक यंत्रे घेऊन फिरणाऱ्या हौशी लोकांना रंगीत मीना भरलेले एक भांडे मिळाले. त्यावर माइस, कोग्गाबाटा, उक्सेलोडुनम, काम्बोग्लान्ना अशी नावे आहेत. यामुळे भिंतीच्या पश्चिम टोकाचा गुंता सुटला. बोनेस म्हणजे माइस, ड्रमबर्ग म्हणजे कोग्गाबाटा, आणि कार्लाइलजवळचा स्टॅनविक्स म्हणजे उक्सेलोडुनम. सरकारी यादीत स्टॅनविक्सच्या जागी येणारे पेट्रियाना हे नाव तेथील घोडदळाच्या पलटणीवरून आलेले दिसते.

अँटोनाइन भिंतीची स्थिती मात्र फारच गरिबीची आहे. इ. स. ७०० च्या सुमारास राव्हेना येथील एका अनामिक पाद्र्याने केलेल्या भूगोलाच्या संकलनात, ब्रिटन जेथे सर्वांत अरुंद होते तेथील म्हणून दहा नावे दिली आहेत. त्यांतले पहिले वेलुनिया. १९५६ मध्ये भिंतीच्या पूर्व टोकाशी, कॅरिडेन येथे, नांगराच्या फाळाला एक वेदी लागली. ती वेलुनियाच्या किल्ल्यालगत वसलेल्या वस्तीतील लोकांनी ज्युपिटरला वाहिलेली होती. एका वेदीने एका नावाचा पत्ता पक्का केला. उरलेल्या नऊंना अशी वेदी अजून भेटलेली नाही, त्यामुळे नकाशावर ती क्रमाने मांडून दाखवणाऱ्या लेखांकडे आपण सावधपणे पाहावे.

मुलुंडचे एक वाचक विचारतात : किल्ला ही काही सुई नव्हे. एवढी मोठी बांधकामे हरवतात तरी कशी?

मुख्यतः माणसांनी वापरून टाकल्यामुळे. घडीव दगड आयता मिळत असताना कोणी खाणीत जात नाही. हेड्रियनच्या भिंतीचा दगड लॅनरकॉस्टच्या मठात आणि थर्लवॉलच्या गढीत गेला, शेतांच्या बांधांत तर सर्रास गेला. स्कॉटलंडमधून उठलेल्या १७४५ च्या जॅकोबाइट बंडाच्या वेळी न्यूकॅसलहून सरकारी सेनापती जनरल वेडला कार्लाइलकडे फौज वेळेवर नेता आली नाही. तेव्हा सरकारने पुढच्या दशकात या मार्गावर लष्करी रस्ता बांधला आणि कित्येक मैल तो चक्क भिंतीच्याच पायावरून नेला. लोक त्याला अजून वेडचा रस्ता म्हणतात, जरी तो होण्यापूर्वीच वेड वारला होता.

उरलेले शहरांनी गिळले. हेड्रियनच्या भिंतीच्या पूर्व टोकाचा सेगेडुनम हा किल्ला वॉल्सेंड येथे, टाइन नदीकाठच्या जहाजबांधणीच्या गोद्यांना लागून आहे. १८८० च्या दशकात त्यावर कामगारांच्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. गिरणगाव ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या वस्तीची कल्पना सहज येईल. १९७० च्या दशकात ती घरे पाडली गेली, १९७५ ते १९८४ दरम्यान उत्खनन झाले, आणि जवळजवळ संपूर्ण किल्ल्याचा आराखडा हाती आला. चाळींचे पाये उथळ होते, हेच त्या किल्ल्याचे नशीब. आजच्या मनोऱ्यांसारखी दोन-तीन मजली तळघरे खणली गेली असती, तर शोधायला काही उरले नसते.

शीवहून एक वाचिका विचारतात : याच पद्धतीने मुंबईच्या कोटाचे पाडलेले बुरूज आणि वेशी शोधता येतील का?

शेतात फिरवतात ते चुंबकमापक यंत्र येथे जवळपास निरुपयोगी ठरेल. फोर्टमध्ये पावलोपावली विजेच्या तारा, पाण्याचे नळ, लोखंडी तुळया आणि मोटारी आहेत, आणि भरीस भर म्हणजे आपला काळा पाषाण, बेसाल्ट, स्वतःच बऱ्यापैकी चुंबकीय असतो. जमिनीत लहरी सोडणारे रडार डांबरी रस्त्यावरून चालवता येते, पण भरावाच्या खारट, ओल्या मातीत त्या लहरी लवकर विरतात. तेव्हा यंत्राकडून फार अपेक्षा धरू नये.

मात्र सिबाल्डच्या नोंदीचे जे काम कार्लीथला झाले, त्यासाठी मुंबईकडे कितीतरी समृद्ध साधने आहेत. कोटाच्या भिंती १८६० च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, पाडल्या गेल्या. त्यापूर्वीचे मोजमापाचे नकाशे उपलब्ध आहेत आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात त्या काळचे दप्तर पाहता येते. नकाशा आजच्या नकाशावर बसवायला न हललेले बिंदू लागतात. सेंट थॉमस कॅथीड्रल हा तसा एक बिंदू आहे, आणि सेंट जॉर्ज रुग्णालयाजवळ १७६९ च्या किल्ल्याचा उरलेला भाग हा दुसरा. या दुसऱ्या जागी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचेच कार्यालय आहे, ही मोठी सोयीची गोष्ट. एवढे झाले की अपोलो गेट किंवा बाजार गेट कोणत्या चौकात येते ते काही मीटरांच्या फरकाने सांगता येते, आणि महापालिका तेथे गटारासाठी चर खणेल त्या दिवशी कोणीतरी जाणकार माणूस चराच्या काठावर उभा असला पाहिजे. न्यूकॅसलसारख्या शहरात रोमन भिंतीचे तुकडे अनेकदा असेच, रस्त्याच्या आणि नळांच्या कामात, हाती लागले आहेत.

आपण शीवला राहता, म्हणून एक सुचवावेसे वाटते. मुंबई बेटाची उत्तर सरहद्द राखणारी जी ठाणी होती, त्यांतला धारावीचा काळा किल्ला आपल्यापासून जवळ आहे. त्याच्या भिंतीवरील पाटीत गव्हर्नर जॉन हॉर्न यांचे नाव आणि १७३७ हे साल कोरलेले आहे. मराठ्यांनी साष्टीवर मोहीम काढली ते हेच वर्ष. आयुर्वेद महाविद्यालयाच्या आवारातल्या रीवा किल्ल्याचा बुरूज आणि शीवचा किल्ला ही याच साखळीतली पुढची ठाणी. जागा, नाव आणि साल ही तिन्ही एकत्र कोरून मिळालेली अशी पाटी अँटोनाइन भिंतीवरच्या एखाद्या चौकीला लाभती, तर तेथील संशोधकांची कित्येक वर्षे वाचली असती. काळ्या किल्ल्याभोवती घरांची दाटी आहे, तेव्हा जाताना स्थानिकांना विचारून जावे, आणि शक्य झाल्यास पाटीचे स्पष्ट छायाचित्र काढून आमच्याकडे पाठवावे. पुढील अंकात ते छापू.